भाचा नववीत, वजन ७६ किलो : सुरुवात कुठून करावी?

वर्धारोडचे_मामा

आम्ही नागपूरचे. भाचा १५ वर्षांचा. उंची १६४ सेंमी, वजन ७६ किलो, बेंबीच्या रेषेत कंबर ९१ सेंमी. शाळा सकाळी ७ ते साडेबारा. दुपारी झोप, मग ४ ते ८ दोन शिकवण्या, मधल्या अर्ध्या तासात समोसा नाहीतर पॅटिस. सकाळी नुसता चहा-बिस्किट. रात्री साडेनऊला जेवण, त्यानंतर मोबाइल, झोपायला बारा-साडेबारा.

वजन कमी करायचं त्याच्याच मनात आलंय. पण सुरुवात त्याने रात्रीचं जेवण बंद करून केली आहे आणि डोक्यात 'सात दिवसांत पाच किलो' बसलंय. बहीण म्हणते जिम लावून द्या. काय आधी, काय नंतर आणि काय अजिबात नको, एवढं सांगा. मध-गरम पाणी नको, ते घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज येतं.

बालरोग_ओपीडी

आधी आकडा कुठे बसतो ते बघू. ७६ ला १.६४ च्या वर्गाने भागलं की बीएमआय २८.३ येतो. मुलांना मोठ्यांचे आकडे सरळ लावत नाहीत. भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत, ५ ते १८ वयासाठी, मुलांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे. त्यात 'प्रौढ २३' आणि 'प्रौढ २७' (म्हणजे मोठ्या माणसाच्या २३ आणि २७ बीएमआयच्या बरोबरीच्या) अशा दोन रेषा असतात. खालची ओलांडली की जास्त वजन, वरची ओलांडली की लठ्ठपणा. हा मुलगा वरच्या रेषेच्याही वर आहे, त्यामुळे 'वयात आला की आपोआप बारीक होईल' म्हणून सोडून देऊ नका. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी, म्हणजे याची ८२ च्या आत. ती ९१ आहे. मला बीएमआयपेक्षा हाच आकडा जास्त खटकतो, कारण पोटावरची चरबी साखरेच्या आणि यकृताच्या दुखण्यांशी जास्त जोडलेली असते.

त्याच्या बाजूची गोष्ट अशी की पंधराव्या वर्षी मुलग्यांची उंची अजून वाढत असते. वजन ७६ वरच धरून ठेवलं आणि उंची १७० झाली तरी बीएमआय २६.३ वर येतो. ७० किलो झालं तर २४.२. म्हणून आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवायच्या मागे लागू नका. पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले तर ती चरबी नसते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेला ग्लायकोजन (साखरेचा साठा) आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी निघून जातं, नीट जेवलं की परत येतं. सात दिवसांच्या करामती या पाण्यावरच चालतात.

पुढचं काही असेल तर व्यायाम सुरू करण्याआधी दाखवून घ्या. मानेवर, काखेत काळपट, मखमलीसारखी जाड कातडी (ती मळ नाही, घासून जात नाही, शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण आहे). रोज मोठ्याने घोरणं आणि वर्गात डुलक्या. सारखी तहान, सारखी लघवी. वजन वाढतंय पण उंची थांबली आहे. दम्यासाठी किंवा कातडीसाठी बराच काळ स्टेरॉइड चालू आहे. रक्तदाब, उपाशीपोटी साखर, रक्तातली चरबी, यकृताची एसजीपीटी तपासणी, गरजेप्रमाणे थायरॉइड, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. नागपुरातली सरकारी रुग्णालयं, म्हणजे मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे बालरोग विभागाची ओपीडी आहे.

एक वेगळं लिहितो, कारण हे हमखास निसटतं. जाड मुलगा लंगडायला लागला आणि गुडघा किंवा मांडी दुखते म्हणाला, तर खुब्याचा एक्स-रे काढायलाच हवा. या वयात मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या चकतीवरून सरकू शकतं. दुखतो गुडघा, बिघाड असतो खुब्यात. 'वजनाने दुखत असेल, चाललं की जाईल' म्हणून चालायला लावलं तर ते आणखी सरकतं. त्या दिवशी चालणं बंद आणि थेट हाडांचा डॉक्टर.

कोरडाभात

आहाराचं मी सांगते. तुम्ही दिलेली दिनचर्या वाचली की गोम लगेच कळते. शाळा सुटेपर्यंत पोटात चहा-बिस्किट, आणि दिवसाचं बहुतेक खाणं संध्याकाळी पाचनंतर. रात्री त्याला भस्म्या होत नाही, सकाळची उधारी वसूल होते. रात्रीचं जेवण बंद केलं तर तीच उधारी दुसऱ्या दिवशी समोशावर निघेल, आणि एकाऐवजी तीन जातील.

म्हणून पहिले दोन आठवडे काहीही कमी करू नका. फक्त वेळ हलवा.

सकाळी सव्वासहा : २०० मिली दूध, साखर जास्तीत जास्त एक चमचा, आणि दोन उकडलेली अंडी. अंडी चालत नसतील तर मुगाचं एक धिरडं. उठल्या उठल्या घशाखाली उतरत नाही ही तक्रार येणारच. ती रात्री उशिरा जेवल्याची आहे, आठ-दहा दिवसांत जाते. तोवर अर्धं द्या, पण द्या.

शाळेची मधली सुटी : दोन पोळ्या, कोरडी भाजी, एक फळ. डब्यात मॅगी नको.

दुपारी एक : जेवण. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव वरण किंवा उसळ, पाव पोळी-भात. दही किंवा ताक.

पावणेचार, शिकवणीला निघताना : हाच सगळ्यात महत्त्वाचा घास. ३० ग्रॅम फुटाणे (एक मूठ, साधारण ६ ग्रॅम प्रथिनं) आणि एक संत्रं किंवा पेरू. नाहीतर वाटीभर मोड आलेली मटकी, वरून कांदा, सांबार (कोथिंबीर), लिंबू.

रात्री सव्वाआठ, शिकवणीवरून आल्या आल्या : जेवण. साडेनऊ नाही.

प्रथिनांसाठी डबे आणू नका. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशीत १३ ते १५ वयाच्या मुलाला दिवसाला ४५ ग्रॅम सांगितली आहेत. अंडी सोडून मोजा : दोन वेळचं घट्ट वरण (३० ग्रॅम कोरडी डाळ एका वेळी) १३, दूध ६, दही २०० ग्रॅम ६, फुटाणे ६, पाच पोळ्या १५. झाली की ४६. पावडरीच्या डब्याचे पैसे फळांना लावा.

बर्डीचा_पोट्टा

काय सांगून राहिले बाप्पा, शिकवणीच्या बाहेर ठेला उभा आहे, सगळे पोट्टे खाऊन राहिले, आणि हा एकटा फुटाणे चावणार? दोन दिवस करेल, तिसऱ्या दिवशी फुटाणे बॅगेत आणि हा ठेल्यावर.

तर ठेल्यावरचं गणित शिकवा त्याले. समोसा एक, मोठा, अडीचशे-तीनशे कॅलरी. आलूबोंडा त्याच घरातला. तर्री पोहे (पोह्यांवर चण्याचा तिखट तेलकट रस्सा) दिसायले भारी, पण त्यात पोहे आणि चणे हे बरं खाणं आहे, घात करते ते वर तरंगणारं तेल आणि शेव. पळी वरून बुडवली की नुसतं तेल येते, तळातून उचलली की चणे येतात. 'भाऊ, चणे जास्त, तर्री वरची नको, शेव नको' असं सांगितलं की ठेलेवाला बरोबर देते, काही वाईट वाटून नाही घेत. एक प्लेट, आठवड्यातून दोनदा. संगतीनं खाणंही झालं आणि पोटही भरलं. पॅटिस मात्र सोडाच. मैदा आणि वनस्पती तूप, पोट भरतच नाही त्यानं.

थंड पेयाची ३०० मिलीची बाटली म्हणजे ३० ग्रॅमच्या वर साखर, सहा चमचे. समोशापेक्षा हे आधी बंद. उसाचा रस 'नॅचरल' म्हणून माफ नाही.

कोरडाभात

पोट्ट्याशी शंभर टक्के सहमत, मी ठेला गृहीतच धरला नव्हता. फक्त फुटाणे निघतानाच खाऊन घ्यायचे, बॅगेत न्यायचे नाहीत. भरल्या पोटी ठेल्यावर उभा राहिलेला मुलगा एकावर थांबतो.

संत्र्याचं आपल्याकडे सोपं आहे. दोन हंगाम असतात : आंबिया बहार दिवाळीच्या सुमारास येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. पण संत्रं फोडी करून खायचं. रस काढला की एका ग्लासात तीन-चार संत्र्यांची साखर जाते आणि चोथा कचऱ्यात. संत्रा बर्फी फळात मोजू नये, हेही सांगून ठेवते.

जवसचटणी

घरातलं तेल कोणीच मोजत नाही. चार माणसांना महिन्याला तीन लिटर, त्यात तळणही आलं. यापेक्षा जास्त लागत असेल तर मुलाच्या ताटात शोधू नका, कढईत शोधा. उपाय : पहिल्या तारखेला तीन लिटर बाजूला काढायचं आणि फोडणीला पळी नाही, चहाचा चमचा. चार माणसांच्या भाजीला चार चमचे पुरतात. वांगं आणि भेंडी तेल पितात, त्यांना झाकण ठेवून पाण्याची वाफ द्या. सावजी (आपल्याकडचा झणझणीत तेलकट रस्सा) महिन्यातून एकदा, आणि रस्सा थोडा थांबू दिला की तेल वर येतं, ते काढून घ्या.

भाजी खात नाही अशा मुलांना पालक किंवा आंबटचुक्याची डाळभाजी द्या. वरण आणि भाजी एकाच वाटीत जाते. फल्लीदाणे (शेंगदाणे) मूठभर नाही, चार माणसांत दोन चमचे.

भाकरीबद्दलचा गैरसमजही इथेच काढते. 'पोळी बंद, ज्वारीची भाकरी सुरू' केलं की वजन उतरतं म्हणतात. आपली हातावरची मोठी भाकरी ८०-९० ग्रॅम पिठाची असते, म्हणजे तीन फुलक्यांएवढी. तिच्यात चोथा जास्त, पोट जास्त वेळ धरते, म्हणून चांगलीच. पण दोन खाल्ल्या तर सहा फुलके झाले. एकदा पीठ काट्यावर मोजून पाहा.

आणि त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक करू नका. घरात सगळ्यांना पुरी आणि याला दोन फुलके, हे आठवडाभरही टिकत नाही.

पीटीसर

जिम आत्ता नको, असं माझं मत. वाईट असते म्हणून नाही. वजन उचलल्याने उंची खुंटते हा समज चुकीचा आहे, शिकवणारा धड असेल तर या वयात ताकदीचे व्यायाम चांगलेच. पण ७६ किलोचा नवा मुलगा पहिल्या दिवशी जिममध्ये जातो, शेजारचा उचलतो तेवढं उचलतो, चौथ्या दिवशी अंग धरून घरी बसतो आणि फी वाया जाते.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, त्यात आठवड्यातून तीन दिवस ताकदीचे व्यायाम. ते ६० मिनिटं गाठायचं ठिकाण आहे, सुरुवात नाही.

आठवडा १-२ : रोज २० मिनिटं सपाट रस्त्यावर चालणं. वेग एवढा की बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. रेशीमबाग मैदान किंवा सिव्हिल लाइन्सची वॉकर्स स्ट्रीट चांगली. सेमिनरी हिल्सचा चढ इतक्यात नको, पोटऱ्या आणि नडगी दुखते.

आठवडा ३-४ : ३० मिनिटं, आणि एक दिवसाआड घरीच : खुर्चीवर बसणं-उठणं (हात न टेकता), भिंतीवर हात टेकून जोर, गुडघे टेकून प्लँक. पहिल्या दोन्हींचे ८ ते १० चे दोन फेरे, प्लँक १५ सेकंद दोनदा. शेवटचे दोन जड जावेत पण पाठ वाकू नये. बैठकीत गुडघे आत वळत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

आठवडा ५ पासून : भिंतीचे जोर ओट्यावर, ते सहज १२ झाले की जमिनीवर. चालण्यात चढ घ्या किंवा सायकल. शिकवणीला सायकलने जाता आलं तर निम्मं काम तिथेच होतं. सीटची उंची बघा : पॅडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवून पाय पूर्ण सरळ व्हायला हवा. सीट खाली ठेवून चालवणाऱ्या पोरांचे गुडघे समोरून दुखतात.

दोरीच्या उड्या सुरुवातीला नको. प्रत्येक उडीत आख्खं वजन घोट्यावर येतं.

आता ज्यावरून पोरं चालणं सोडतात आणि कारण सांगत नाहीत ते. जांघा घासतात. सोलवटतात, घामाने चुरचुरतात. आळस नसतो तो. आतून सायकलिंगची घट्ट चड्डी आणि जांघेत व्हॅसलिन, निघण्याआधी. आल्यावर लगेच आंघोळ, जांघा कोरड्या करून मग कपडे. ओले कपडे अंगावर वाळवले की आपल्या घामाच्या गावात नायटा ठरलेला. नायटा झालाच तर दुकानातलं तिहेरी मलम लावू नका, त्यात स्टेरॉइड असतं आणि त्याने नायटा आणखी पसरतो.

रात्रपाळी

पीटीसर, पण अर्धा तास चालून जळतं किती? एवढ्याने काय होणार? माझ्या मते सकाळी न खाता १६ तासांचा उपवास, आणि आठ तासांत जेवण. सोपं आणि फुकट.

पीटीसर

याच्या वजनाला अर्ध्या तासात साधारण दीडशे कॅलरी. अर्धा समोसा. व्यायामाने एकट्याने वजन उतरत नाहीच, आणि 'मी पळून जिरवतो' म्हणणारं पोर हमखास फसतं. चालायचं ते झोप लागण्यासाठी, स्नायू टिकण्यासाठी आणि इन्सुलिन नीट चालण्यासाठी. वजनाचा काटा स्वयंपाकघर हलवतं.

बालरोग_ओपीडी

उपवासाबद्दल : वाढत्या मुलांना १६ तासांचा उपवास डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नको. याला हाडांसाठी रोज हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, शाळेत पाच तास डोकं चालवायचंय. आणि या वयात सक्तीची उपासमार आणि नंतर आडवं खाणं, हे चक्र एकदा लागलं की सुटायला जड जातं. लपवून खाणं, जेवल्यावर बराच वेळ बाथरूममध्ये, दिवसातून चारदा वजन, जेवणाच्या वेळी 'भूक नाही', चक्कर, मुलींमध्ये पाळी बंद होणं : यातलं काही दिसलं तर वजनाचा विषय तिथेच थांबवा आणि दाखवा. भूक मारायच्या, चरबी जाळायच्या गोळ्या दुकानातून आणूच नका.

झोप कोणी लिहिली नाही. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागतात. हा साडेबाराला झोपून सहाला उठतो, साडेपाच तास. दुपारची झोप ती भरून काढते आणि रात्रीची आणखी उशिरा ढकलते. झोप कमी झाली की भूक वाढवणारी संप्रेरकं वर जातात आणि गोड-तळलेल्याची ओढ लागते. दुपारी गजर लावून २५ मिनिटं. रात्री सव्वादहाला फोन हॉलमध्ये चार्जिंगला, सगळ्यांचे, मोठ्यांचेही. झोपेची वेळ दर चार दिवसांनी पंधरा मिनिटं मागे आणा. एकदम बारावरून दहावर आणली तर तो नुसता छताकडे बघत पडेल.

खामला_मार्केट

मुलीचं काही वेगळं असतं का? वय १४, पाळी दोन-तीन महिन्यांनी येते, हनुवटीवर लव आहे, वजन वाढतंय.

बालरोग_ओपीडी

हो. पाळी सुरू होऊन पहिली दोन-तीन वर्षं थोडी अनियमित असतेच. पण सतत तीन महिन्यांची फारकत आणि हनुवटीवर राठ केस असतील तर पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी लांबणं, राठ केस येणं) आहे का ते तपासायला स्त्रीरोग तज्ज्ञाला दाखवा. वजन थोडं उतरलं तरी पाळी सुधारू शकते. मुलींची उंची पाळीनंतर साधारण दोन वर्षांत थांबत येते, त्यामुळे 'उंचीत जिरेल' हा हिशेब तिच्या बाबतीत कमी चालतो. हिमोग्लोबिन बघून घ्या. या वयात लोह कमी असणं नेहमीचं, आणि मग चार पायऱ्यांवर धाप लागते ती 'जाडीमुळे' म्हणून सोडून दिली जाते.

वर्धारोडचे_मामा

खूपच कामाचं. दोन शंका. एक, काटा हललाच नाही तर? दोन, एप्रिल-मेमध्ये चालायचं कुठे, पंचेचाळीसच्या वर जातं आपल्याकडे.

कोरडाभात

वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता. काटा फरशीवर, गालिच्यावर नाही. रोज बघू देऊ नका. लोणचं-पापड खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी किलोभर पाणी अंगात राहतं आणि पोरगं उगाच खचतं. महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, टेप न आवळता. वजन तेच आणि कंबर दोन सेंमी कमी, तर बरोबर चाललंय.

दोन्ही महिनाभर जागचे हलले नाहीत तर आधी रविवार बघा. सहा दिवस नीट आणि रविवारी नाश्त्याला पाटवडी-तर्री, दुपारी पुरी-श्रीखंड, रात्री बाहेर, यात आठवड्याची कमाई जाते. नंतर पेयं बघा : चहा किती कप, प्रत्येकी साखर किती. चार कप आणि दोन-दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर कोणाच्या हिशेबात येत नाही. मग पोळीला लावलेलं तेल, आणि टीव्हीसमोर फल्लीदाण्याचा डबा.

पीटीसर

उन्हाळ्यात सकाळी साडेसहाच्या आत परत यायचं, नाहीतर संध्याकाळी सातनंतर. शाळेला सुट्टी असते, पाचला उठवायला हरकत नाही. जमलं नाही तर घरातच जिना : दोन मजले चढा-उतरा, दोन मिनिटं आराम, असे पाच फेरे वरच्या व्यायामाला जोडून. पोहणं मिळालं तर सर्वांत छान, सांध्यांवर भार नाही. मात्र पोहून आल्यावर भूक प्रचंड लागते, तेव्हा ताक आणि उसळ आधीच तयार ठेवा, नाहीतर तलावाबाहेरचं आइस्क्रीम ठरलेलं. निघण्याआधी ग्लासभर पाणी, आल्यावर दोन. चक्कर, मळमळ किंवा घाम अचानक थांबला तर सावलीत झोपवून अंगावर ओलं फडकं आणि वारा, शुद्ध हरपत असेल तर सरळ दवाखाना.

जवसचटणी

मामा, एक तुमच्यासाठी. कार्यक्रमात सगळ्यांसमोर 'काय रे, किती उतरलं?' विचारू नका, आणि आग्रहाचं वाढणाऱ्यांनाही आधीच सांगून ठेवा. पंगतीत त्याने 'पुरे' म्हटलं की पुरे. 'ढोल्या' ही हाक घरातून आधी काढा, लाडाने असली तरी.

बर्डीचा_पोट्टा

आणि पंगतीत जिलबी एक खाऊ द्या त्याले. नाहीतर घरी येऊन फ्रिज उघडते.

वर्धारोडचे_मामा

बरं. उद्यापासून सकाळचं दूध-अंडी आणि सव्वाआठचं जेवण एवढंच लावतो, बाकी दोन आठवड्यांनी. मानेवर काळपट पट्टा आहे त्याच्या, आम्ही साबणाने घासायला लावत होतो. या शनिवारी ओपीडीला नेतो.

बालरोग_ओपीडी

उपाशीपोटी न्या, म्हणजे साखर आणि चरबी एकाच खेपेत होईल. आदल्या रात्री साडेआठनंतर पाण्याशिवाय काही नाही. चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी आणि शाळेच्या आरोग्य कार्डावरची मागच्या वर्षीची उंची-वजन सोबत ठेवा.